लॉमोंटाइटचा भुगा होतो, स्टिल्बाइटचा का नाही? झिओलाइटमध्ये अडकलेल्या रेणूंविषयी

कातळवाट (धागाकर्ता)

दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांत, वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्या आहेत, आणि पुढे झिरपलेल्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, हूलंडाइट, स्कोलेसाइट, चॅबाझाइट, लॉमोंटाइट अशी झिओलाइट गटातली खनिजे वाढवली, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. पुणे, नाशिक आणि जळगाव परिसरातल्या दगडखाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत; सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते एकत्र पाहता येतात. (याच पोकळ्यांत सापडणारे अपोफिलाइट आणि वाघोलीचे निळे कॅव्हनसाइट ही झिओलाइट नव्हेत, जरी विक्रेते सरसकट सगळ्यांना तेच नाव लावत असले तरी.)

प्रश्न असा आहे. लॉमोंटाइटचे स्फटिक ओल्या कातळातून काढताना काचेसारखे अर्धपारदर्शक असतात. घरातल्या कपाटात ठेवले की ते हळूहळू दुधी होतात, त्यांना चिरा पडतात आणि शेवटी बोट लावताच त्यांचा भुगा होतो. शेजारीच ठेवलेला स्टिल्बाइटचा गुच्छ मात्र वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो. दोन्ही खनिजे मुख्यतः कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी यांचीच बनलेली आहेत. तापवल्यावर फेसाळणाऱ्या या दगडांना स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोन्स्टेट यांनी १७५६ मध्ये झिओलाइट हे नाव दिले ते आतल्या पाण्यामुळेच. मग ते पाणी एका खनिजात टिकते आणि दुसऱ्यातून न तापवताही निघून जाते, असे का? ते आत नुसते साठलेले असते, की कशाला तरी धरून असते? 'पोकळ्यांचा आकार वेगळा' एवढ्यावर कृपया थांबू नये, कारण त्या उत्तराने माझे समाधान झालेले नाही.

रसायनी

धरून असते, आणि ते कशाला धरून आहे यावरच पुढचे सगळे ठरते.

झिओलाइटचा सांगाडा चतुष्फलकांचा असतो. मध्यभागी सिलिकॉन, चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन, आणि प्रत्येक कोपरा शेजारच्या चतुष्फलकाशी जोडलेला. काही चतुष्फलकांत सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो. सिलिकॉनचा भार अधिक चार आणि ॲल्युमिनियमचा अधिक तीन असल्यामुळे अशा प्रत्येक अदलाबदलीमागे सांगाड्यावर एक ऋणभार शिल्लक राहतो. तो फेडण्यासाठी सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम यांचे धनायन (धनभार असलेले अणू) लागतात, आणि ते सांगाड्याच्या भिंतीत न बसता वाहिन्यांमध्ये, म्हणजे पाहुण्या रेणूंच्याच वाटेवर, राहतात. त्यामुळे पोकळी रिकामी असली तरी उदासीन नसते. तिच्यात तीव्र विद्युतक्षेत्र असते. आत शिरलेला रेणू त्या क्षेत्राला कसा प्रतिसाद देतो, हे त्याच्या जाडीइतकेच, बहुतेक वेळा जाडीपेक्षाही, महत्त्वाचे असते.

आता लॉमोंटाइट घेऊ. त्याच्या पूर्ण भरलेल्या रूपात ४ कॅल्शियममागे पाण्याचे १८ रेणू असतात. त्यांपैकी १२ रेणू थेट कॅल्शियमला बिलगलेले असतात, म्हणजे प्रत्येक कॅल्शियमला ३. उरलेल्या ६ रेणूंना धनायनाचा आधार नसतो. ते शेजारच्या पाण्याशी आणि सांगाड्याच्या ऑक्सिजनशी केवळ हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात. कोरड्या हवेत या निराधार रेणूंपैकी सुमारे ४ सामान्य तापमानालाच निघून जातात आणि १४ रेणूंचे रूप उरते. सांगाडा तुटत नाही, परंतु त्याची मापे बदलतात. स्फटिक बाहेरून आत असा क्रमाक्रमाने कोरडा होत असल्यामुळे त्याची साल आकसते आणि गाभा आकसत नाही. चिरा पडतात त्या या ताणामुळे. स्टिल्बाइटमध्येही सगळे पाणी सारख्याच जोराने बांधलेले नसते, पण घरातल्या तापमानाला आणि आर्द्रतेला ते टिकून राहते; सांगाडा आकसण्याइतके पाणी घालवायचे तर तो चांगलाच तापवावा लागतो.

नमुना जपायचा असेल तर तो हवाबंद डब्यात ओल्या स्पंजासोबत ठेवावा किंवा सरळ पाण्यात बुडवून ठेवावा. दुधी झालेल्या स्फटिकाला पुन्हा ओल दिली तर गेलेले रेणू आपापल्या जागी परत जातात, मात्र पडलेल्या चिरा भरून येत नाहीत.

केवळ आकाराने उत्तर मिळत नाही याचा उत्तम दाखला म्हणजे हूलंडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट. दोघांचा सांगाडा एकाच रचनेचा, वाहिन्या एकाच मापाच्या. तरीही कॅल्शियमप्रधान हूलंडाइट काही शे अंशांपर्यंत तापवल्यावर कोसळते आणि सिलिकॉन अधिक असलेले क्लिनोप्टिलोलाइट सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. फरक आहे तो सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या प्रमाणात आणि वाटेत बसलेल्या धनायनांत.

पायवाट

लॉमोंटाइटची ही सवय केवळ संग्राहकांना त्रास देणारी नाही. खडीमध्ये किंवा बोगद्याच्या दगडात ते पुरेशा प्रमाणात असेल, तर ओल आणि कोरडेपणा यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या फेऱ्यांत तो दगड आतून खिळखिळा होतो. बांधकामासाठी बेसाल्ट तपासताना भूवैज्ञानिक पांढऱ्या शिरांकडे संशयाने पाहतात ते त्यासाठीच.

मृगजळ

मला हे पटायला थोडे जड जात आहे. ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्रांत झिओलाइटच वापरतात आणि ते चाळणीसारखे काम करते, असे करोनाच्या काळात सर्वत्र छापून आले होते. नायट्रोजनचा रेणू ऑक्सिजनपेक्षा मोठा आहे, म्हणून तो अडतो आणि ऑक्सिजन पार जातो, इतके साधे ते नाही काय?

श्वासयंत्र

माझा व्यवसाय वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा असल्यामुळे हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर असे की नायट्रोजन दारात अडत नाही. तो आत जातो आणि आत धरला जातो.

आकडे पाहावेत. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. गतिकीय व्यास, म्हणजे वाटेतून जाताना जाणवणारी रेणूची जाडी, ऑक्सिजनची ३.४६ आणि नायट्रोजनची ३.६४ अँगस्ट्रॉम आहे. या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या १३एक्स किंवा लिथियमयुक्त एक्स प्रकारच्या झिओलाइटची दारे सुमारे ७.४ अँगस्ट्रॉमची असतात. त्या दारातून दोघेही आरामात आत जातात. फरक पडतो तो आत गेल्यावर. दोन्ही रेणू एकंदरीत उदासीन आहेत, परंतु नायट्रोजनमध्ये भाराची वाटणी अशी आहे की दोन टोकांना किंचित ऋण आणि मधल्या पट्ट्यात किंचित धन. याला चतुर्ध्रुव म्हणतात, आणि नायट्रोजनचा चतुर्ध्रुव ऑक्सिजनच्या तीन-चार पट प्रबळ आहे. लिथियमसारखा छोटा धनायन समोर आला की त्याच्या तीव्र क्षेत्रात नायट्रोजन टोकाने चिकटतो. ऑक्सिजनवर ती पकड फारशी चालत नाही, म्हणून तो पुढे निघून जातो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो आणि झिओलाइट पुन्हा कामाला तयार होते. दोन नळकांडी आळीपाळीने भरायची आणि सोडायची, एवढाच यंत्राचा संसार आहे. यंत्रातून ठरावीक अंतराने येणारा सुस्कारा त्या सुटलेल्या नायट्रोजनचा असतो.

याचा एक सुंदर पुरावा आपल्याकडेच मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या आयआयटीने टाटा कन्सल्टिंग इंजिनियर्स आणि स्पॅनटेक इंजिनियर्स यांच्या साहाय्याने नायट्रोजन बनवणाऱ्या संयंत्राचे ऑक्सिजन संयंत्रात रूपांतर करून दाखवले, आणि त्यातून ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळाला. रूपांतराचा गाभा म्हणजे आतला कर्ब बदलून त्या जागी झिओलाइट भरणे. नायट्रोजन संयंत्रात कार्बन मॉलेक्युलर सीव्ह, म्हणजे रेणू चाळणारा कर्ब, असतो आणि तेथे खरोखरच जाडीचा खेळ चालतो: किंचित सडपातळ ऑक्सिजन अरुंद भेगांत झटकन शिरतो, नायट्रोजन मागे राहतो आणि तोच उत्पादन म्हणून बाहेर पडतो. झिओलाइट भरल्यावर सगळे उलटे झाले. टाक्या, झडपा, दाबयंत्र बहुतांशी तेच राहिले. आत अडकणारा रेणू बदलला. त्या दिवसांत झिओलाइटची इतकी निकड होती की मे महिन्यात ते रोमहून विमानाने बंगळूरला आणावे लागले.

या पद्धतीने १०० टक्के शुद्धता का मिळत नाही, याचेही उत्तर त्याच तर्कात आहे. हवेत सुमारे ०.९३ टक्के आरगॉन असतो आणि झिओलाइट त्याला ऑक्सिजनप्रमाणेच वागवते. सगळा नायट्रोजन काढला तरी आरगॉन सोबत राहतो, म्हणून कमाल मर्यादा ९५.७ टक्क्यांच्या आसपास येते.

आणि कळीचा मुद्दा पाण्याचा आहे. पाण्याचा रेणू प्रबळ द्विध्रुव आहे, म्हणजे त्याची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन असते. त्याला धनायनाने धरले की नायट्रोजनसारखा तो दाब उतरवताच सुटत नाही, तापवावे लागते. म्हणून हवा आधी कोरडी करावी लागते. दुसऱ्या लाटेत घेतलेली आणि नंतर पावसाळ्यात तशीच पडून राहिलेली यंत्रे चालू केल्यावर शुद्धता देत नाहीत, तेव्हा पुष्कळदा दोष यंत्राचा नसून झिओलाइटच्या जागा पाण्याने आधीच व्यापलेल्या असतात. कोकणात तर हे यंत्र अधूनमधून चालवत राहणे मी आवश्यकच मानतो.

मृगजळ

म्हणजे दोन संयंत्रांतून उलट वायू बाहेर येतात, कारण एकात वेग निवड करतो आणि दुसऱ्यात पकड. हे मात्र पटले.

चौथी पाळी

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो. वरचे विवेचन मान्य करूनही आकाराची बाजू मांडणे मला भाग आहे, कारण आमचे पोट त्यावरच चालते.

पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल ९९.५ टक्क्यांहून शुद्ध लागते. केवळ ऊर्ध्वपातनाने वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, कारण त्या प्रमाणाला पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. पूर्वी ही कोंडी फोडण्यासाठी बेंझीन किंवा सायक्लोहेक्झेन घालत. आता सगळीकडे मॉलेक्युलर सीव्हचे बेड, म्हणजे त्याच्या दाण्यांनी भरलेल्या टाक्या, आहेत आणि त्यांत ३ए प्रकारचे झिओलाइट असते. त्याची दारे सुमारे ३ अँगस्ट्रॉमची आहेत. पाण्याचा रेणू त्यातून जातो; इथेनॉलचा, जो ४ अँगस्ट्रॉमहून जाड आहे, जात नाही. येथे आकाराशिवाय दुसरे कोणतेही स्पष्टीकरण लागत नाही.

मात्र ते दार बनते कसे, हे पाहिले की धनायन पुन्हा समोर येतात. ए प्रकारचे झिओलाइट युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ मध्ये बनवले. त्याच्या मोठ्या पोकळीचे दार आठ चतुष्फलकांच्या कड्याचे असते आणि ते रिकामे असेल तर सुमारे ४.१ अँगस्ट्रॉमचे भरते. सोडियमच्या रूपात प्रत्येक पोकळीमागे १२ सोडियम असतात. त्यांतले ८ सहा चतुष्फलकांच्या लहान कड्यांपाशी बसतात आणि ३ थेट दारांत उभे राहतात. सोडियम काढून पोटॅशियम भरले की दारातला धनायन अधिक जाड होतो आणि ३ए मिळते. याउलट कॅल्शियम भरले, तर दोन सोडियमचे काम एक कॅल्शियम करतो. १२ च्या जागी ६ पुरतात, ते सगळे लहान कड्यांपाशी मावतात, दारे मोकळी होतात आणि ५ए तयार होते. भिंती त्याच, दारे तीच. उंबरठ्यावर कोण आहे एवढेच बदलते.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकांपेक्षा बेडच्या तापमापकांवर चांगली दिसते. पाणी आत धरले जाताना उष्णता बाहेर पडते, आणि ती वाफेचे नुसते पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेपेक्षाही अधिक असते. त्यामुळे बेडमध्ये गरम पट्टा पुढे पुढे सरकताना दिसतो. चांगले संयंत्र ही उष्णता वाया घालवत नाही: फेऱ्या लहान ठेवल्या की ती बेडमध्येच राहते आणि पुढच्या टप्प्यात निर्वात केल्यावर तीच उष्णता पाण्याला बाहेर काढायला उपयोगी पडते. फेरी लांबली की हे गणित बिघडते.

कातळवाट

दारातला धनायन कायम तेथेच उभा असतो काय? तसे असेल तर ३ए मध्ये पाणी तरी कसे शिरते?

रसायनी

प्रश्नातच पुढचा टप्पा आहे. तो खिळलेला नसतो. हलतो, आणि कधीकधी पाहुणाच त्याला हलवतो. ३ए मध्ये पाणी आत शिरते याचे एक कारण म्हणजे ते धनायनाला स्वतःकडे ओढून किंचित बाजूला सरकवू शकते.

याचे टोकाचे उदाहरण २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चॅबाझाइटमध्ये दाखवले. पोटॅशियम किंवा सिझियम भरलेल्या चॅबाझाइटचे प्रत्येक दार धनायनाने अडलेले असते. तरीही कार्बन डायऑक्साइड आत जातो, आणि मिथेन किंवा नायट्रोजन योग्य तापमानाला जवळजवळ जात नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा चतुर्ध्रुव प्रबळ असल्यामुळे तो दारातल्या धनायनाशी इतका निगडित होतो की धनायन क्षणभर मागे सरकतो, रेणू आत जातो आणि धनायन पुन्हा जागेवर येतो. एसटीच्या दारात उभा राहिलेला प्रवासी ओळखीच्या माणसाला पाहून अंग चोरतो आणि अनोळख्याला पाहून तसाच उभा राहतो, त्यातला हा प्रकार. अशा ठिकाणी 'दाराचे माप किती' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. ते समोर कोण आहे यावर ठरते.

सांगाडाही तितका ताठर नसतो. नॅट्रोलाइट पाण्यात ठेवून त्यावर वातावरणाच्या सुमारे दहा हजार पट दाब दिला, तर अपेक्षेप्रमाणे ते आकसायला हवे. प्रत्यक्षात त्या टप्प्यावर ते फुगते, कारण सांगाड्याच्या साखळ्या वळतात, वाहिन्या रुंदावतात आणि जास्तीचे पाणी आत ढकलले जाते. २००१ पासून प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण विवर्तनाच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. पूर्ण भरल्यावर पाण्याचे प्रमाण मूळच्या दुप्पट होते. आपल्याकडचे स्कोलेसाइट त्याच सांगाड्याचे आहे, परंतु त्यात सोडियमच्या जागी कॅल्शियम आणि अधिक पाणी आधीच असल्यामुळे ते तसेच वागत नाही.

खारभूमी

मी कोळंबी संवर्धन करतो. तळ्यातला अमोनिया शोषण्यासाठी एकरी काही पोती झिओलाइट टाकावे, असे विक्रेते सांगतात. वरची चर्चा वाचून असे वाटते की खाऱ्या पाण्यात त्याला दुसरेच कोणीतरी व्यापत असेल. हे बरोबर आहे का?

रसायनी

बरोबर आहे, आणि मी ते पैसे वाचवीन. तळ्यात टाकतात ते बहुधा क्लिनोप्टिलोलाइट असते. ते अमोनियाचा वायू शोषत नाही. पाण्यातल्या अमोनियम आयनाला आत घेऊन त्या बदल्यात सोडियम बाहेर सोडते. गोड्या पाण्यात हे उत्तम चालते. अमोनियम, पोटॅशियम आणि सिझियम यांच्याभोवतीचे पाण्याचे कवच सैल असते, ते सहज उतरवून हे आयन आत जातात. सोडियम आणि कॅल्शियम आपले कवच सोडायला नाखूश असतात. किरणोत्सारी सिझियम पकडण्यासाठी याच गटातली खनिजे वापरतात त्याचेही कारण तेच.

पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १०.८ ग्रॅम सोडियम असतो आणि तळ्यातला अमोनियम मिलिग्रॅममध्ये मोजावा लागतो. आवड कितीही अमोनियमची असली तरी हजारो पट संख्येपुढे ती टिकत नाही. वापरून भरलेले झिओलाइट पुन्हा ताजे करण्याची रूढ पद्धत म्हणजे ते मिठाच्या पाण्याने धुणे, जेणेकरून अमोनियम बाहेर पडावा. तुमच्या तळ्यात ते पडल्यापासून मिठाच्या पाण्यातच आहे. खाद्य आटोक्यात ठेवणे, हवा खेळती ठेवणे आणि पाणी बदलणे हेच उपाय खरे.

भित्तिचित्र

येथवर सगळे रेणू आत-बाहेर करणारे झाले. कधीच बाहेर न पडणाऱ्या एका रेणूची भर घालतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला हिरवा रंग बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा आहे, परंतु निळा दूरवरून आलेला आहे: तो लाजवर्द, आणि त्याच्या प्राचीन खाणी अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये. लाजवर्दाचे रंगद्रव्य लॅझुराइट हे काटेकोरपणे झिओलाइट नसले तरी त्याचा सांगाडा ज्या सोडालाइट पिंजऱ्यांचा आहे, तेच पिंजरे ए आणि एक्स प्रकारच्या झिओलाइटमध्येही असतात.

या पिंजऱ्यात गंधकाच्या तीन अणूंचा, एक ऋणभार असलेला रेणू कोंडलेला असतो. तो सुमारे ६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा नारिंगी-पिवळा प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला निळा दिसतो. मोकळ्या हवेत आणि ओलाव्यात हा रेणू क्षणभरही टिकला नसता. पिंजऱ्याची दारे सहा चतुष्फलकांच्या कड्यांची, अडीच अँगस्ट्रॉमच्याही आतली, त्यामुळे तो बाहेर येऊ शकत नाही आणि पाणी वा ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. कपड्यांना घालायची जुनी भुकटीची नीळ हे याच द्रव्याचे कृत्रिम रूप होते.

कातळवाट

दार इतके अरुंद असेल तर तो रेणू मुळात आत गेला कसा?

भित्तिचित्र

गेला नाही, तेथेच घडला. कृत्रिम निळीसाठी चिनी माती, सोडा आणि गंधक यांचे मिश्रण सुमारे ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या उष्णतेत पिंजरा आणि त्यातला गंधक एकाच वेळी आकार घेतात. प्रथम हवा रोखून आणि नंतर थोडी हवा देऊन गंधकाला हव्या त्या भारावर आणतात. दोन अणूंचा गंधक-रेणू अधिक राहिला तर तो पिवळा असल्यामुळे माल हिरवट निघतो. त्याला बाहेर काढायचे असेल तर पिंजराच मोडावा लागतो, आणि ते सौम्य आम्लानेही होते: आम्ल सांगाड्यातला ॲल्युमिनियम ओढून काढते, निळा रंग काही वेळात नाहीसा होतो आणि सडक्या अंड्यांसारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. प्रयोग करायचाच असेल तर चिमूटभर निळीवर आणि उघड्या हवेत करावा, कारण तो वायू विषारी आहे.